खर्जाची मिसल

ज्या गोष्टीकडे लोकांचे लक्ष सर्वांत कमी जाते तिच्याविषयी मसलत सर्वांत अधिक होते, याचा प्रत्यय तहशील कचेरीत अव्वल कारकुनी करताना मला वारंवार आलेला होता. परंतु त्याचे निर्विवाद प्रमाण पेन्शनीत आल्यावर, आणि तेही नरसी नामदेवासारख्या क्षेत्रस्थानी, आमच्या पुतण्याच्या बेस गिटारने मिळवून दिले. हे वाद्य वाजत असते तोवर श्रोत्यांच्या गणतीत नसते. थांबले म्हणजे मात्र सर्वांना काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी बेस वाजवला. परंतु ती गाणी ज्यांना मुखोद्गत आहेत अशा मंडळींना हे नाव विचारावे, म्हणजे ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. अशा या अश्रुतप्राय वाद्याला कोणता पिकअप बसवावा आणि कोणता प्रीअँप जोडावा, यावर आमच्या ओसरीवर जी खलबते झाली, तेवढी 1999 साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा काढताना दफ्तरांच्या वाटणीवरही झाली नसतील.

पुतण्या लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि एरवी भजनी मंडळात. त्याने विकत घेतलेल्या जुन्या बेसचा आवाज त्याच्या मते ‘मेलेला’ होता. मला तो चांगला हयात वाटे. पण अशा बाबतीत काकाची साक्ष ग्राह्य धरत नाहीत.

प्रकरण समजून घेताना मला कचेरीच्या परिभाषेचाच आश्रय करावा लागला. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात, तो पिकअप; वरची पोलादी तार कंप पावली की त्या वेढ्यांत क्षीणसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हा झाला गरीब रयतेचा अर्ज. अँप्लिफायर हे साहेब. अर्जदार स्वतःच कागद घेऊन साहेबांपुढे उभा राहिला तर ती पॅसिव्ह पद्धत. मात्र मंडपातून मिक्सरपर्यंत लांबलचक वायर ओढली की वाटेत अर्जातील वरचे नाजूक स्वर गळतात आणि साहेबांच्या हाती नुसता पुटपुटाट पडतो. म्हणून मध्ये पेशकार नेमावा लागतो, तोच प्रीअँप. तो अर्ज खणखणीत आवाजात वाचतो, खर्जावर जोर द्यायचा की तीव्र स्वरांवर तेही ठरवतो, आणि या सेवेबद्दल त्याला नऊ व्होल्टांची बॅटरी चारावी लागते. वायर गिटारीत खोचलेली असेल तोवर, काम असो वा नसो, त्याचे खाणे चालूच राहते! हे ऐकल्यावर मला त्या यंत्राविषयी फारच आपलेपणा वाटू लागला.

या साऱ्या उपद्व्यापाचे मूळ पुरुष लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांनी 1951 साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हते, ही गोष्ट मी पुतण्याच्या वारंवार निदर्शनास आणून देत असे. त्या पहिल्या पिकअपात एकच वेटोळे होते, आणि एकेरी वेटोळे तारेच्या कंपाबरोबर आसपासच्या विजेची गुणगुणही तितक्याच भक्तिभावाने टिपते. म्हणून 1957 साली त्यांनी त्याचे दोन तुकडे करून, दोन तारांखाली एक आणि उरलेल्या दोन तारांखाली दुसरा, असे एकमेकांच्या उलट जोडले; तारांचा नाद दोन्हींतून मिळून येतो आणि गुणगुण परस्पर वजा होते. पुढे 1976 साली त्यांच्याच ‘म्युझिक मॅन’ कंपनीचा ‘स्टिंगरे’ पोटात प्रीअँप घेऊनच बाहेर पडला.

आमच्या बेसला होते ते जुन्या धाटणीचे एकेरी वेटोळेच. आपल्याकडील विजेची आंदोलने सेकंदाला 50, आणि बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी बोट ठेवले तर येतो तो स्वर 49 आंदोलनांचा, म्हणजे पेटीवाल्यांच्या हिशेबात पांढरी पाच. सारांश, पुतण्याने वाद्य गळ्यात अडकवले की आमच्या मंडळात पांढरी पाचचा एक किंचित चढा षड्ज अहोरात्र, विनामूल्य, घुमत राही. तारांवर हात ठेवला की तो दबे, उचलला की पुन्हा डोके वर काढी.

पिकअप कोठे बसवावा हा दुसरा वाद. आमच्या औंढा नागनाथाला विसोबा खेचरांचे पाय जिकडे फिरवावेत तिकडे पिंड प्रकट झाली, ही कथा पंचक्रोशीतील पोरासोरांनाही ठाऊक आहे. पिकअपचेही तेच, तारांखाली कोठेही ठेवा, नाद प्रकट होतोच. फरक इतकाच की घोडीजवळ ठेवला तर तो कोरडा व टोकदार येतो आणि मानेकडे सरकवला तर गोल व भरदार.

“काका, नीट ऐका की. आता गोल यायलाय का टोकदार?” पुतण्या डोळे मिटून विचारी.

“दोन्ही सारखेच यायलेत,” हे माझे उत्तर त्याला कधीच मान्य झाले नाही.

बॅटरीचा विषय निघताच पखवाजवाले बुवा उखडले. “खर्ज वाढवाया बॅटरी कशाला लागती बाबा? धुमेला मूठभर कणीक लावली की भागतंय!” आणि त्यांनी परातीतला ओला गोळा उचलून, पखवाजाच्या डाव्या तोंडावर अंगठ्याने दाबत दाबत असा थापला, आणि मग अशी थाप मारली की ओसरीच्या फळीवरची भांडी किणकिणली. पुतण्या निरुत्तर झाला. पुढे त्याच कणकेकडे तो बराच वेळ विचारमग्न दृष्टीने पाहत होता, हे मला मुळीच आवडले नाही.

अखेर निकाल लागला तो सुताराच्या ओट्यावर. पोटात प्रीअँप आणि बॅटरी बसवायची तर गिटारीला मागून मोठा खड्डा पाडणे आले. सुताराने पटाशी खाली ठेवली, वाद्य उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, “लाकूड एकदा कोरलं की भरून येत नसतंय.” ओसरीवरील समस्त तांत्रिक चर्चेत हे एकच विधान मला निर्विवाद वाटले. तेव्हा पुढून जरुरीपुरती खाच वाढवून दुभंग वेटोळ्याचा पिकअप बसवावा, आतून तांब्याचा पत्रा लावावा, आणि पेशकाराने पोटात न शिरता पायाशी, वेगळ्या पेटीत बसावे, असा हुकूम झाला.

एकादशीच्या भजनात नवी व्यवस्था प्रथम रुजू झाली. साउंडवाल्याने पुतण्याला प्रथमदर्शनीच सांगून टाकले की देवळावरच्या कर्ण्यातून इतका खर्ज निघतच नाही. तुझी जाड तार 41 आंदोलनांची, कर्ण्याला तिचा गंधही लागत नाही, वरवरचे उपस्वर काय ते गावभर जातात. पुतण्याचा चेहरा पडला. तरी मंडपातल्या पेटाऱ्यांतून त्याचा आवाज, मी शपथेवर सांगतो, खरोखरच गोल येत होता, आणि नेहमीप्रमाणे कोणीही तिकडे लक्ष दिले नाही. फक्त पेटीवाले आबा पहिल्या अभंगापासून अस्वस्थ. ते भाता थांबवीत, कान टवकारीत, सूर पुन्हा चाचपीत. मध्यंतरात ते माझ्याजवळ आले आणि खासगी आवाजात म्हणाले, “काय वो, ती गुणगुण कुठं गेली? तिच्यावर सूर धरायची सवय झाली होती.”

त्यांना पुतण्याने दुभंग वेटोळ्याचे तत्त्व कागदावर आकृती काढून समजावून दिले. आबांनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले, आणि तो जुना पिकअप तुम्ही फेकून तर दिला नाही ना, याची तेव्हापासून ते माझ्याकडे अधूनमधून चौकशी करत असतात.