अनुराधापुरात मुक्काम किती?

पाच रात्री, सहा दिवस. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, परत कोलंबो. श्रीलंकेच्या सहलीचं कुठलंही पत्रक उचला, मार्ग थोड्याफार फरकाने हाच. वाटेत पिन्नवलाचे हत्ती, मसाल्यांची बाग आणि रत्नांचं दुकान. दुकानात तासभर सहज जातो, कारण तिथल्या खरेदीवर कुणाचं तरी कमिशन ठरलेलं असतं. अनुराधापूर नाही, पोलोन्नरुवा नाही. जाफन्याचं तर नावच नको. छत्रपती संभाजीनगरला जाऊन हिमरू शाली घ्याव्यात आणि वेरूळ न पाहता परतावं, तसला हा प्रकार आहे.

अनुराधापूर कोलंबोपासून साधारण दोनशे किलोमीटरवर आहे. हजार वर्षांहून अधिक काळ ती लंकेची राजधानी होती. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी इथे आणली. ते झाड आजही उभं आहे. सोनेरी कठड्याआड, लोखंडी टेकूंवर फांद्या सांभाळून. पांढऱ्या कपड्यांतली माणसं कमळं घेऊन येतात, वाळूत बसून सुत्तं म्हणतात. पान कुणी तोडत नाही, गळून पडलं तर मात्र जपून घरी नेतात. थोड्या अंतरावर जेतवनाराम स्तूप. बांधला तेव्हा तो सुमारे १२० मीटर उंच होता आणि सगळा विटांचा. शेजारच्या मिहिंतलेच्या डोंगरावर अशोकाचा मुलगा महेंद्र राजा देवानांपिय तिस्साला भेटला, अशी परंपरा आहे. हे सगळं पाहायला अर्धा दिवस पुरत नाही. दोन रात्री हव्यात.

आणि हा देश मराठी माणसाला परका नाही. गोव्याच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये पाली शिकायला कोलंबोच्या विद्योदय परिवेणात गेले आणि तिथेच श्रामणेर झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते. आपल्या मार्गदर्शकांनी कँडीच्या दंतमंदिरासमोर हे सांगायला हवं. त्यासाठी वेगळं तिकीटही लागत नाही.

आता महिना. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. श्रीलंकेत दोन मोसमी पाऊस पडतात. नैऋत्य किनारा आणि डोंगराळ भाग साधारण मेपासून सप्टेंबरपर्यंत भिजतो. उत्तर आणि पूर्वेकडे डिसेंबर-जानेवारीत पाऊस असतो. म्हणजे मुलांच्या सुट्टीत, मेअखेरीस बेंटोटाच्या किनाऱ्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. त्याच दिवसांत अनुराधापूर, सिगिरिया, पोलोन्नरुवा हा पट्टा बहुतेक कोरडा असतो. ऊन कडक असतं, पण सकाळी सातला बाहेर पडलं की निभतं. शिवाय वेसाक, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, बहुतेक वेळा मे महिन्यातच येते. घरोघरी कागदी आकाशकंदील लागतात, रस्त्याच्या कडेला दानसलचे मांडव पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही फुकट जेवायला वाढतात. ते दिवस हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी घालवू नका. दर पौर्णिमेला, पोयाला, देशभर सुट्टी असते आणि दारूविक्री बंद असते. तेव्हा तारखा ठरवताना आधी पौर्णिमा पाहा.

स्तूपाच्या आवारात चपला आणि टोपी काढावी लागते. दुपारी तिथल्या फरशा तव्यासारख्या तापतात. पायमोजे चालतात, ते पिशवीत ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. तिथे तो अपमान मानतात, आणि पर्यटकांवर यावरून कारवाई झालेली आहे. सार्क देशांच्या नागरिकांना बऱ्याच ठिकाणी तिकिटात सवलत मिळते, म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवू नका. शाकाहाऱ्यांनी पोल संबोलाआधी ‘उंबलकड आहे का?’ एवढं विचारावं. नारळाच्या त्या चटणीत सुकवलेल्या माशाची पूड घालतात. भात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली डाळ आणि फणसाची भाजी एवढ्यावर कोकणातल्या माणसाचं उत्तम भागतं. पिठलं-भातासाठी सोबत महाराज नेण्याची काहीही गरज नाही.

सहल कंपन्या म्हणतात, लोक मागतात तेच आम्ही देतो. यात तथ्य आहे. म्हणून मागणीच बदलू या. पैसे भरण्याआधी फोन करा आणि एकच विचारा: अनुराधापुरात मुक्काम किती? उत्तर ‘शून्य’ आलं, तर पैसे भरू नका.