ओलाभाऊ

तुमच्याही गल्लीत एक असेलच. त्याला रेकी येत असेल, नाहीतर वैदिक गणित. आमच्या खामगावच्या नमुन्याला स्पॅनिश येते. येते म्हणजे, गेली काही वर्षं येतेच आहे.

गृहस्थ कापसाच्या अडतीवर मुनीम होते. निवृत्त झाले आणि घरात कुणाला पत्ता लागायच्या आत स्पॅनिशच्या मागे लागले. रस्त्यात भेटले की हात उंच करून म्हणतात, ‘ओला!’ स्पॅनिशमधला हा नमस्कार. पण पावसाने दडी मारलेली, सोयाबीन माना टाकतंय, अशा दिवसांत बाजार समितीच्या फाटकात उभं राहून कुणाला ‘ओला’ म्हणू नये. एक शेतकरी भडकलाच. ‘ओला कुठचा? कोरडाच हाये यंदा! कोनं जाहीर केला ओला?’ माणसं जमली, गोष्ट पंचनाम्यापर्यंत गेली. तेव्हापासून गाव त्यांना ओलाभाऊ म्हणतं.

सगळं शिक्षण फुकट. ‘एक रुपया नाई देल्ला,’ हे वाक्य ते स्पॅनिशपेक्षा सफाईने म्हणतात. मोबाइलमध्ये ड्युओलिंगोचं हिरवं घुबड आहे. एक दिवस अभ्यास चुकला की ते रडकं तोंड करतं आणि ओलाभाऊंना जेवण जात नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी केलेले जुने अभ्यासक्रम इंटरनेटवर कुणालाही मोकळे आहेत, ध्वनिफितींसकट. तेही त्यांनी घोकले. त्यामुळे ‘वकिलात कुठे आहे?’ हे त्यांना अस्खलित विचारता येतं. खामगावात हा प्रश्न सहसा पडत नाही.

इथवर आम्ही सोसलं असतं. सोसवत नाहीत ती त्यांची चित्रं.

१९७५ साली स्टॅनफर्डच्या ॲटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने शब्द पाठ करायची एक युक्ती तपासून पाहिली. परका शब्द आपल्या भाषेतल्या ज्या शब्दासारखा वाजतो तो धरायचा आणि दोघांच्या अर्थांचं मिळून एक चित्र मनात उभं करायचं. ओलाभाऊंनी त्याला पुस्ती जोडली: जितकं वेडगळ तितकं टिकाऊ. शास्त्रज्ञ बोलून गेले, भोगतोय आम्ही.

‘डोयापुढं आना,’ ते चहाच्या टपरीवर फर्मावतात. लूना म्हणजे चंद्र. कोजागरीची रात्र, आणि चंद्र लूना मोपेडवर बसून, पेडल मारत मोठ्या देवीच्या मांडवाकडे निघालाय. आणला. मायो म्हणजे मे महिना. १८७० साली आपला रेल्वेचा फाटा सुरू करायला आलेला लॉर्ड मेयो मे महिन्याच्या उन्हात टोपीने वारा घेतोय. आणला. केसो म्हणजे चीज. ‘इथं तुमी येता,’ म्हणून त्यांनी माझ्या टकलाकडे पाहिलं. पुढचं चित्र मी सांगणार नाही.

एका बाबतीत मात्र त्यांना मानावं लागतं. स्पॅनिशमध्ये दोन ‘एल’ जोडून लिहितात आणि बऱ्याच मुलखांत त्यांचा उच्चार ‘य’ करतात. वऱ्हाडात आपण ‘ळ’चं हेच करतो: डोया, केयी, पोयी. पुण्याचा माणूस इथे क्लास लावेल. ओलाभाऊंना हे पाळण्यातच आलं. कोंबडी म्हणजे पोयो. ‘पोयाच्या दिवशी बैलाऐवजी कोंबडी सजवली. तुऱ्याले बेगड, गयात घुंगरू, अन् तोरनाखाली उभी केली!’ हे चित्र माझ्या डोक्यातून आता जाणार नाही. गेल्या पोळ्याला पूजेच्या वेळी मी एकटाच हसत होतो.

चित्रं झाली की डबे. माणूस किती वेगाने विसरतो, हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने १८८५ मध्ये मोजून ठेवलं. त्यावर उतारा लाइटनरचा, १९७२ चा: आलेला शब्द पुढच्या डब्यात टाकायचा, तिथे तो आणखी उशिराने विचारायचा, चुकला की परत पहिल्या डब्यात. १९७२ हेच लूना बाजारात आल्याचं साल, हा ओलाभाऊंना शुभशकुन वाटतो. (मोठा दुष्काळही त्याच सालचा, पण तो विषय त्यांच्यापुढे आता कुणी काढत नाही.) हेच काम अँड्रॉइड मोबाइलवर फुकटात करणारं अँकी आहे. पण मुनिमाला कागद लागतो. त्यांचे डबे मिठाईचे आणि कार्डं जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली. परवा ‘लेचे’चं कार्ड उलटलं, तर ‘दूध’च्या वर छापील अक्षरांत ‘माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ त्या काकाचा घटस्फोटसुद्धा झाला. लेचे अजून पहिल्याच डब्यात आहे.

खरी परीक्षा झाली लोणारला. सरोवर पाहायला गेले होते, तिथे अर्जेंटिनाचं एक जोडपं भेटलं. ओलाभाऊंनी ओला केलं. घाईघाईत वकिलात कुठे आहे तेही विचारून टाकलं. दोघं जी सुटली ती सुटलीच. त्यात अर्जेंटिनावाले त्या दोन ‘एल’चा ‘श’ करतात, म्हणजे वऱ्हाडी वशिलाही बुडाला. शेवटी जोडीने फोटो काढून घेतला आणि हे ‘ग्रासियास’ म्हणाले. बाई हसून म्हणाल्या, ‘दे नादा.’ आता नादा म्हणजे ‘काहीच नाही’, आणि त्याचं ओलाभाऊंचं चित्र असं की पायजम्याचा नाडा सुटलाय आणि आत काहीच नाही. बाईंच्या तोंडून शब्द निघाला मात्र, ह्यांचे दोन्ही हात कमरेकडे गेले. पद्धत काम करते, यात शंकाच नाही.

मी एकदा विचारलं, ‘पण उपयोग काय याचा?’ आमच्याकडे परीक्षा नाही, नोकरी नाही, तरी शिकतोय म्हणणाऱ्याकडे लोक जरा संशयानेच पाहतात. ओलाभाऊ म्हणाले, ‘चाळीस वर्सं दुसऱ्याच्या कापसाचा हिसाब केला. तवा नाई इचारलं कोनी.’

मग त्यांच्या घरी गेलो, तेव्हा निराळाच प्रकार दिसला. बाहेरच्या खोलीत हे कपाळाला हात लावून बसलेले: ‘जोडा... झपाटा... कोन झपाटलं होतं?’ आणि आतून पोळी लाटता लाटता वहिनींचा आवाज, ‘सापातो.’ वहिनींनी आजवर एकही चित्र डोळ्यापुढे आणलेलं नाही. ऐकून ऐकून आलं. ‘मले काय करायचं त्या भाषेचं,’ म्हणतात, पण जेवणं झाली की डबे घेऊन त्याच प्रश्न विचारायला बसतात, आणि उत्तर चुकलं की कार्ड पहिल्या डब्यात टाकताना त्यांचा हात जराही कचरत नाही. तासभर दोघं समोरासमोर. कापसाच्या हंगामात हाच माणूस मुलं झोपल्याशिवाय घरी येत नसे.

सध्या कार्डं संपत आली आहेत. तेव्हा घरात जुन्या लग्नपत्रिका पडल्या असतील तर रद्दीत घालू नका, ओलाभाऊंकडे पोचवा. एक बाजू कोरी हवी. चकचकीत कागदाच्या मात्र नकोत, त्यावर बॉलपेन उठत नाही.