इंजिनसाहेब, मरायचंच होतं तर रीतसर मरायचं

प्रति,
श्री. इंजिनसाहेब,
मुक्काम बॉनेटच्या आत,
एमएच-२१ पासिंगची कोणतीही खासगी मोटार,
जिल्हा जालना.

विषय : विमा कंपनीच्या शर्ती न वाचता आतल्या आत बंद पडल्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि. आपण गेलात. भर मे महिन्यात, समृद्धी महामार्गावर, जालन्याला खाली उतरायला थोडंच अंतर उरलेलं असताना. टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकला, बॉनेटमधून वाफ निघाली, पोटात काहीतरी कडकडलं आणि आपण जाम झालात. गाडी क्रेनने गॅरेजपर्यंत आली. आपल्या मालकांनी पहिला फोन घरी केला आणि दुसरा एजंटाला. दुसरा फोन करताना त्यांचा आवाज बराच स्थिर होता, कारण गाडीला ‘फुल इन्शुरन्स’ आहे, झिरो डेप आहे, ‘बंपर टू बंपर’ आहे. पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत जे जे आहे ते सगळं त्यात आलं, असा त्यांचा हिशेब होता. आपण तर दोन्ही बंपरांच्या मधेच बसता.

क्लेम नामंजूर झाला. कारण एका ओळीत: यांत्रिक बिघाड, पॉलिसीत समाविष्ट नाही. चूक कुणाची असं विचारलं तर कंपनी, एजंट, गॅरेजवाला आणि मालक अशी चारही बोटं आपल्याकडेच वळतात. म्हणून हे पत्रही आपल्यालाच लिहावं लागत आहे.

आपल्यासमोर मरणाचे किती मंजूर मार्ग होते, ते एकदा बघून घ्या. खासगी मोटारीच्या पॅकेज पॉलिसीत यादीची सुरुवातच होते आग, स्फोट, आपोआप पेट घेणं आणि वीज पडणं यांनी. आपण तापलात, पण नुसते तापून थांबलात. आणखी जिद्द धरून पेटला असतात, तर फाइल निदान सन्मानाने उघडली गेली असती. त्यापुढे घरफोडी, चोरी, दंगल, संप, भूकंप, पूर, वादळ आणि गारपीट. गारपीट म्हणाल तर २०१८ च्या फेब्रुवारीत जालना जिल्ह्याने ती सोसली आहे. गारांनी टपाला पडलेले पोचे क्लेममध्ये बसतात. कुणी खोडसाळपणे गाडी फोडली, अतिरेक्यांनी उडवली, तरी चालतं. दरड कोसळली तरी चालतं. परतूरच्या सपाटीवर ती कुठून कोसळणार, हा प्रश्न कंपनी विचारत नाही. गाडी रेल्वेतून, बोटीतून, विमानातून नेताना काही झालं तरी विमा आहे. एवढंच काय, गाडी लिफ्टमधून वर नेताना काही झालं तरीही आहे. आणि सगळ्यात मोठा दरवाजा म्हणजे बाहेरून झालेला अपघात. झाड, दगड, दुभाजक, म्हैस, काहीही चालतं. अट एकच, घाव बाहेरून आला पाहिजे.

आपण निवडलंत ते आतलं मरण. तिथे पॉलिसी सरळ सांगते की परिणामजन्य हानी, घसारा, झीज, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड, निकामी होणं आणि तुटणं यांचे पैसे मिळणार नाहीत. हे काही एखाद्या कंपनीने आपल्यावर दात धरून लिहिलेलं नाही. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या ‘इंडियन मोटार टॅरिफ’मधलं हे ठरावीक कलम आहे. १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले, कंपन्या हप्त्यात एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या, पण या वाक्याला कुणी हात लावला नाही. मालक रागाने कंपनी बदलतील, तर नव्या पॉलिसीतही हेच कलम त्यांची वाट बघत असेल.

इथे कंपनीची बाजू खरी आहे, हे गिळायला जड जात असलं तरी सांगायला हवं. विमा असतो होईल-न होईल अशा गोष्टीचा. आपली झीज तर शोरूममधून बाहेर पडल्या दिवशीच सुरू होते. रिंगा घासणार, बेअरिंग सैल पडणार, पाण्याचा पंप कधीतरी गळणार. या सगळ्याचे पैसे विम्याने द्यायचे ठरवले, तर वेळेवर ऑइल बदलणाऱ्याच्या हप्त्यातून न बदलणाऱ्याचं इंजिन बांधून निघेल.

आणि आपल्या मालकांनी आपल्याला काय पाजलं, हेही एकदा निघू द्या. रेडिएटरमध्ये कूलंट घालायचं असतं, ठरलेल्या प्रमाणात. इथे ते एकदा संपलं की बोअरचं पाणी. ज्या जिल्ह्याने २०१३ चा उन्हाळा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून काढला, तिथे इंजिनाला वेगळं पाणी कुठून आणायचं, हा युक्तिवाद भावनेला पटतो. बेसॉल्टातून उपसलेल्या जड पाण्याला पटत नाही. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, उष्णता बाहेर पडेनाशी होते. गावातल्या गावात, मामा चौक ते स्टेशन, हे खपून जातं. पण ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी असा समृद्धीचा पहिला टप्पा खुला झाला आणि जालन्याच्या गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला, ना सिग्नल ना गतिरोधक असा रस्ता मिळाला. तासन्‌तास एकसारखं पळायचं, वर मराठवाड्याचं ऊन. अर्धा चोंदलेला रेडिएटर तिथे उघडा पडतो. ॲल्युमिनिअमचं हेड तापून वाकतं, हेड गॅस्केट उडतं, पाणी ऑइलमध्ये उतरतं, ऑइलचा दुधाळ काला होतो आणि बेअरिंग कोरडी पडतात. मिस्त्री झाकण उघडून बघतो आणि काही न बोलता मालकाला ते दाखवतो.

झिरो डेपबद्दल आपल्या मालकांचा जो गोड गैरसमज आहे, त्याचा बंदोबस्त एजंटाने पॉलिसी विकतानाच करायला हवा होता. क्लेम मंजूर झाल्यावर सुट्या भागांच्या किमतीतून कंपनी घसारा कापते. रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के, काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, पहिल्या सहा महिन्यांत शून्य आणि दहा वर्षांपुढे ५० टक्के. झिरो डेप घेतलं की ही कापाकापी होत नाही, बस्स. ते क्लेमची रक्कम वाढवतं. क्लेम कशाकशाचा होऊ शकतो, ती यादी एका शब्दानेही वाढवत नाही. एजंट मात्र हे सांगताना तळहात आडवा फिरवून म्हणतो, “काळजीच करू नका साहेब, सगळं येतं.” त्या ‘सगळं’मध्ये आपण नाही, हे त्याला माहीत असतं. न सांगण्याचं कमिशन वेगळं मिळतं की त्याच हप्त्यात धरलेलं असतं, याचा खुलासा व्हायला हवा.

खरी मारामारी होते ती आत आणि बाहेर यांच्या सीमेवर, आणि तिथे कंपनीचा खरेपणा एकाएकी पातळ होतो. उदाहरणार्थ, पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत हजारो गाड्या पाण्यात गेल्या. पूर तर यादीत आहे. मग सीट आले, वायरिंग आलं. इंजिन आलं की सर्व्हेअर विचारायचा, “पाण्यात गाडी बंद पडल्यावर सेल मारला का?” मारलाच असणार, बंद पडलेल्या गाडीला सेल मारत नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला म्हणतात हायड्रोस्टॅटिक लॉक. कंपनी म्हणते, पाणी बाहेरून आलं हे कबूल, पण रॉड वाकला तो सेल मारल्यामुळे, म्हणजे ही परिणामजन्य हानी.

जालन्यात समुद्र नाही, पण दुधना आणि कुंडलिका आहेत, आणि पाऊस सुरू झाला की ओढ्यांवरचे बुटके पूल आहेत. २०२४ च्या आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जे आभाळ फाटलं, त्यात पुलावरून पाणी वाहत असताना “निघेल, निघेल” म्हणत गाडी घालणारे कमी नव्हते. मग देशभर टीएमटी सळ्या पाठवणाऱ्या गावात मालक हातात एक वाकलेली सळई घेऊन उभे राहतात, आणि ती पुराने वाकली की बोटाने, यावर पत्रव्यवहार सुरू होतो.

या भांडणावर बाजाराने शोधलेला इलाज असा, की जे भांडण आहे तेच वेगळं विकायचं. दर मोकळे झाल्यानंतरच्या काळात ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं जोड संरक्षण आलं. पाणी शिरून किंवा ऑइल गळून पिस्टन, रॉड, क्रँकशाफ्ट, गिअरबॉक्स गेला तर ते कामाला येतं. झीज त्यातही नाही. शिवाय गाडी पाचेक वर्षांची झाली, म्हणजे आपल्याला त्याची खरी गरज पडू लागली, की बऱ्याच कंपन्या ते देताना हात आखडतात. आपल्या मालकांनी ते वेळ होती तेव्हाही घेतलं नव्हतं, कारण कोटेशनमध्ये तेवढ्याने हप्ता वाढत होता आणि एजंट म्हणाला होता, सगळं येतं.

दुसरी सीमा चेंबरची. भोकरदनच्या वाटेवर खडीतला धोंडा खालून लागला आणि ऑइल चेंबर फुटलं, तर हा अस्सल बाहेरचा घाव; चेंबरचे पैसे मिळतात. पण ऑइल सांडत असताना, डॅशबोर्डवर लाल किटली पेटलेली असताना “गॅरेज तर समोरच आहे” म्हणून गाडी आणखी हाकली आणि आपण जाम झालात, तर गोष्ट संपली. पॉलिसीच्या अटींतच लिहिलं आहे की अपघातानंतर किंवा बिघाडानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर. ही अट न्याय्य आहे, आणि ती बहुधा क्लेम नामंजूर झाल्याच्या दिवशी पहिल्यांदा वाचली जाते.

आता शवविच्छेदनाचं. आपण आतून गेलात की बाहेरून, हे ठरवायला आपल्याला खोलावं लागतं. खोलण्याआधी वर्कशॉप मालकांची सही घेतं: क्लेम मंजूर न झाल्यास खोलण्याची मजुरी ग्राहकाकडे. म्हणजे नकाराचा पुरावा गोळा करण्याचा खर्चही ज्याला नकार मिळणार त्यानेच द्यायचा. शिवाय आपण खोललेल्या अवस्थेत वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून राहता, आणि काही ठिकाणी त्या जागेचंही भाडं लागतं. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा आणि त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा.

तो अहवाल आला म्हणजे ब्रह्मवाक्य आलं, असं मात्र नाही. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका ट्रकच्याच प्रकरणात सांगितलं आहे. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की नकाराच्या पत्रात जे कारण दिलं नाही, ते कंपनीला नंतर खटल्यात काढता येणार नाही. म्हणून मालकांना मिळालेलं ते एका ओळीचं पत्र फाडायचं नसतं, फायलीला लावायचं असतं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, महिनाभर वाट, मग विमा लोकपाल. जालन्यासाठी तो पुण्यात बसतो, शुल्क घेत नाही, वकील चालू देत नाही आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा करतो. नाहीतर जालन्यातलाच जिल्हा ग्राहक आयोग आहे: दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने तक्रार राहत्या ठिकाणी करता येते.

पुरात बुडालेला, दगडाने फुटलेला क्लेम घेऊन तिथे जरूर जावं. बोअरच्या पाण्याने चोंदलेला घेऊन जाऊ नये. तिथे आपणच विरुद्ध पक्षाचे साक्षीदार ठराल. गाडी वॉरंटीत असताना, सर्व्हिसची सगळी बिलं असताना गेला असतात, तर पाठ विमा कंपनीची धरायचीच नव्हती, कारखानदाराची धरायची होती. तिथेही मर्यादा आहे: वॉरंटीत बिघडलेला भाग बदलून मिळतो, आख्खी गाडी नव्हे, हे २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात ठरलेलं आहे. पण आपण स्वतःच तो बिघडलेला भाग असल्याने आपलं भागलं असतं.

तरी पुढच्या खेपेस, म्हणजे बोअर मारून, नव्या रिंगा घालून आपण परत उभे राहिलात की, प्रस्थानाआधी पॉलिसीची चाळणी लावून घ्यावी, ही विनंती. कळावे.

आपले,
समस्त गाडीमालक, तालुके आठ, जिल्हा जालना

प्रत : एजंटसाहेबांना, नूतनीकरणाच्या वेळी ‘सगळं येतं’ हे वाक्य लेखी द्यावं म्हणून. विमा कंपनीच्या क्लेम विभागास, माहिती व पुनर्विचारासाठी. सोबत कनेक्टिंग रॉड, वाकलेला, १ नग.