बटणराव

फोनच्या दुकानात गेल्यावर बटणराव नमुन्याचा फोन आधी कानाला लावतात. पलीकडे कोणी बोलत नसतं. ते कळांचा आवाज ऐकत असतात. डोळे अर्धवट मिटून, नारळात पाणी आहे का ते पाहावं तशा चेहऱ्याने एकेक बटण दाबतात आणि निकाल देतात, "टक् नाही, टिक् येतंय." काउंटरवरचा पोरगा कॅमेऱ्याचं कौतुक सुरू करतो, तर त्याला हाताने थांबवतात. आवाज ऐकताना मध्ये बोललेलं त्यांना चालत नाही.

असा एक बटणराव बहुतेक सोसायट्यांत निघतो. हे आमचे डोंबिवलीचे. सरकारी कचेरीतून निवृत्त, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस या दोन्ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास, आणि उभी हयात गोदरेजच्या टाइपरायटरवर काढलेली. अजूनही एक ओळ लिहून झाली की त्यांचा डावा हात नकळत उठतो आणि हवेतला कॅरेज ढकलून परत येतो. समोर पाण्याचा पेला असेल तर काकू आधीच बाजूला घेतात.

त्यांचं पहिलं प्रेम म्हणजे नोकिया ई-६३. त्या काळी डोंबिवलीत लोडशेडिंग असे आणि ई-६३ ची स्पेसची कळ दाबून धरली की टॉर्च लागे. अंधारात जिन्यावर सगळी बिल्डिंग चाचपडत असताना बटणराव स्पेस दाबून वर चढत. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने, खाली न बघता मेसेज लिहीत. आपण उतरणार कुठे हे त्यांनी शेजाऱ्याला कधी सांगितलं नाही, पण अंगठा कुठल्या अक्षरावर आहे हे मात्र न विचारता सांगत.

टचस्क्रीनवर त्यांचा राग जुना. स्टीव्ह जॉब्जने २००७ च्या जानेवारीत आयफोन दाखवताना बटणवाल्या फोनांना नावं ठेवली होती : लागोत न लागोत, बटणं आपली जागा अडवूनच बसतात. हे बटणरावांना कोणीतरी सांगितलं. "मग सोफ्याचं काय? पाहुणे नसले म्हणून तो काय भिंतीत जातो?" असा त्यांचा सवाल. तो कॅलिफोर्नियात पोचला नाही, पण आमच्या कट्ट्यावर आजवर कोणी खोडलेला नाही.

राग होता, त्याचं वैर झालं ते मुलाने काचेचा फोन भेट दिल्यावर. बटणराव सोसायटीचे सेक्रेटरी. ग्रुपवर सूचना टाकायची होती. त्यांनी रोमनमध्ये शब्द लिहिला, वरच्या पट्टीत तीन मराठी पर्याय आले आणि अंगठा पडला शेजारच्यावर. ऐंशी घरांना सूचना गेली : "उद्या सकाळी सात ते आठ पत्नी सोडणार." पहिल्या पाच मिनिटांत अकरा जणांनी अंगठा दाखवला. एकाने विचारलं, दोन्ही विंगना का? काकूंनी त्या दिवशी चहा दिला, पण कप जरा जोरातच ठेवला.

म्हणूनच ५ जुलै २०१८ ला जिओफोन २ ची घोषणा झाली तेव्हा बटणराव टीव्हीसमोर उभेच राहिले. किंमत २,९९९ रुपये आणि पडद्याखाली ओळीने पूर्ण क्वर्टी कीबोर्ड! स्मार्टफोन म्हणावा की साधा, या वादावर 'स्मार्ट फीचर फोन' असा तोडगा निघाला होता. बटणरावांना सेवापुस्तकातल्या नोंदीसारखा तो एकदम पटला. १६ ऑगस्टला दुपारी बारा वाजता पहिला सेल. भाच्याला लॅपटॉपसकट बोलावून घेतलं. त्याने दोनदा 'मामा, जरा लांब बसा' म्हटलं.

फोन आला. २.४ इंचांचा आडवा पडदा, ५१२ एमबी रॅम, मागे दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या ई-६३ लाही दोनच मेगापिक्सेल होते." बटणरावांनी ही वस्तूची थोरवी मानली.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी टायपिंग क्लासमधलं ते कोल्ह्या-कुत्र्याचं इंग्रजी वाक्य लिहायला घेतलं, ज्यात सव्वीसच्या सव्वीस अक्षरं येतात. तेव्हा खरी अडचण कळली. दहा बोटांनी शिकलेल्या माणसाला इथे दोन अंगठ्यांवर भागवायचं होतं. बाकीची आठ बोटं फोनच्या मागे रजा टाकून बसली. एफ आणि जे या कळा न बघता त्यांच्या अंगठ्यांना सापडेनात. काकूंच्या नेलपॉलिशचा एकेक थेंब त्यांनी तिथे ठेवला, फुंकर मारून वाळवला आणि पुन्हा डोळे मिटले. उजव्या अंगठ्याचं नख मात्र तेव्हापासून राखलंय. आधी उजवीकडे एल लिहायला गेलं की शेजारचा के सोबत यायचा. आता एकटा येतो.

पण फोन हातात असूनही ग्रुप मुका, कारण त्यावर व्हॉट्सॲप यायला सप्टेंबर उजाडला. मधले दिवस एसएमएसवर काढले. देवनागरी एसएमएसमध्ये ७० च अक्षरं मावतात; काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याचं चिन्ह, सगळं वेगळं मोजतात. "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की" एवढ्यातच ४७ संपतात, आणि उरलेल्या २३ मध्ये पाणी कसं बसवणार? मायना गाळ म्हणावं तर बटणराव म्हणतात, मायना गाळला की ती चिठ्ठी होते, पत्र राहत नाही. मग ते रोमनवर आले. तिथे १६० मावतात.

व्हॉट्सॲप आल्या दिवशी पाण्याची सूचना पुन्हा त्यांनीच लिहायला घेतली. संबंध मजकूर रोमन कॅपिटलमध्ये, पाण्याला दोन ए देऊन, चष्म्यावर भिंग धरून तीनदा तपासला. काकूंना वाचून दाखवला. त्यांनी मान हलवल्यावरच पाठवण्याची कळ दाबली. टक्.

पहिलं उत्तर तळमजल्यावरून आलं : "काका, या वेळी काकू नाहीत का सुटणार?"