अर्ध्या पत्राचे उत्तर

सत्तेत राहून सत्तेला चिमटा काढावा तो नितीन गडकरींनीच. जुलै २०२४ मध्ये त्यांनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहिले. आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्या हप्त्यांवरचा १८ टक्के जीएसटी काढा. हा कर म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवरच कर आहे, असा त्याचा मथितार्थ. निवेदन नागपूरच्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेचे, सही मात्र कॅबिनेट मंत्र्याची. विरोधकांना आयतेच कोलीत मिळाले. ऑगस्टमध्ये संसदेच्या दारात फलक झळकले.

सीतारामनबाईंचे उत्तर रोखठोक होते. विम्यावर कर जीएसटीच्या आधीही होता, आणि या कराचा मोठा वाटा राज्यांच्याच तिजोरीत जातो. तुमच्या राज्यांच्या अर्थमंत्र्यांना विचारलेत का? हिशेब खरा होता. २०२३-२४ मध्ये नुसत्या आरोग्यविम्यातून ८ हजार २०० कोटींहून जास्त जीएसटी जमला, त्यात सगळेच वाटेकरी. संसदेबाहेर घसा कोरडा करणाऱ्या पक्षांची राज्येही ताटावर बसलेलीच होती.

मग आपल्याकडे जे होते ते झाले. सप्टेंबरमध्ये मंत्रिगट नेमला. डिसेंबरमध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद भरली. विम्याचा विषय आणखी अभ्यासासाठी पुढे ढकलला. त्याच बैठकीत पॉपकॉर्नचा मात्र निकाल लागला. खारे-मसालेदार सुटे असेल तर ५ टक्के, पाकीटबंद असेल तर १२, कॅरामलचे असेल तर १८. म्हणजे आईच्या ऑपरेशनची तरतूद आणि थिएटरातला गोड चाळा, दोन्ही सरकारच्या लेखी एकाच पंगतीत. मुदत विम्याची तऱ्हा आणखी न्यारी. ज्यात परतावा शून्य आणि फक्त घरच्यांचे संरक्षण, त्या हप्त्यावर पूर्ण १८ टक्के. बचतीच्या पारंपरिक पॉलिसीवर पहिल्या वर्षी ४.५, पुढे २.२५ टक्के. कर फक्त जोखमीच्या भागावर, हे त्यामागचे गणित. गणित बरोबरच आहे हो. पण आपल्यामागे बायकामुलांचे काय, याचीच ज्याला काळजी, त्याची पावती सगळ्यात जड निघाली.

अखेर ३ सप्टेंबर २०२५ ला परिषदेने वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा करमुक्त केला. २२ सप्टेंबरपासून अंमल. पत्राला चौदा महिने लागले, पण लागू पडले. २० हजारांच्या हप्त्यामागचे ३,६०० रुपये वाचले, त्याबद्दल मनापासून आभार.

आता बारीक अक्षर वाचू. सवलत वैयक्तिक पॉलिसीला आहे, गटविम्याला नाही. ऑफिसच्या योजनेत आपले पैसे भरून आईवडिलांना घेतलेत, तर १८ टक्के तसेच. शिवाय हप्ता करमुक्त झाल्यावर कंपन्यांना त्यांच्या खर्चावरच्या कराची वजावट मिळेनाशी झाली. काहींनी तो बोजा एजंटाच्या कमिशनवर सरकवला. विम्यावरचा कर गेला खरा, पण गल्लोगल्ली विमा विकणाऱ्याच्या खिशातून.

आणि त्या पत्रात आणखी एक मुद्दा होता, जो मथळ्यांत आला नाही: आरोग्यविम्याच्या हप्त्यावर प्राप्तिकरात वजावट द्या. त्याचे काय झाले? जुन्या करप्रणालीत ८०सी खाली दीड लाखाची मर्यादा २०१४ साली अरुण जेटलींनी ठरवली, ती तिथेच थिजली आहे. आरोग्यविम्याची २५ हजारांची मर्यादा २०१५ पासूनची. तेव्हापासून हॉस्पिटलची बिले कुठून कुठे गेली, हे वाचकांना सांगायला नको. नव्या प्रणालीत तर या दोन्ही वजावटी नाहीतच, आणि २०२३ पासून आपण काही कळवले नाही तर हीच प्रणाली लागू. १२ लाखांपर्यंत कर नाही, ही खुशखबर खरी. पण त्यामागचा विचारही ओळखा: पैसे हातात घ्या, विमा काढा नाहीतर मोबाइल घ्या, सरकारला सोयरसुतक नाही. मार्चअखेरीस ८०सी च्या धाकाने का होईना, मराठी नोकरदार पीपीएफ आणि एलआयसीच्या रांगेत उभा राहायचा. तो धाक गेला. कुटुंबाची सुरक्षा आता ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

गडकरींच्या घरचेही पाहू. ते रस्ते वाहतूक मंत्री. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. आयुष्याची अनिश्चितता याहून ठसठशीत कुठे दिसणार? त्याच रस्त्यावर स्कूटर काढायची तर थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा, आणि त्या सक्तीच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी. मालट्रकांचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. स्कूटरवाला आहे तिथेच.

तेव्हा गडकरीसाहेब, दुसरे पत्र लिहा. निवेदनासाठी संघटनेची वाट पाहू नका. खाते तुमचेच आहे.