जी मेजर

आमच्या इमारतीचा वॉचमन मेजरला रोज सॅल्यूट ठोकतो. वॉचमन बदलला की जुना नव्याला पंपाच्या चाव्यांबरोबर एवढी माहितीही सोपवून जातो, की तिसऱ्या मजल्यावरचे साहेब फौजेतले आहेत. एका वर्षी तर सोसायटीनं २६ जानेवारीच्या झेंड्याचा मान त्याला दिला. मेजर गेला, दोरी ओढली, फुलं पडली, पेढा खाऊन परत आला. आता खुलासा करायचा तरी कसा? माणूस बँकेत, गृहकर्जाच्या टेबलावर. आयुष्यात त्यानं झाडलेली एकच गोष्ट म्हणजे गिटारच्या पिशवीवरची धूळ. 'मेजर' हे नाव आम्ही कॉलेजात ठेवलेलं. त्या काळी त्याला एकच कॉर्ड यायची, जी मेजर, आणि ती तो सगळ्याच गाण्यांना लावायचा. पुढे हाका मारता मारता 'जी' गळून पडला आणि हुद्दा तेवढा राहिला.

असा एखादा मेजर तुमच्याही इमारतीत असेल. वय पन्नाशीच्या पलीकडे, गिटार टेकायला सोयीचं पोट, उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं नख आणि डाव्या हाताच्या चार बोटांना घट्टे. हे घट्टे म्हणजे त्याची पदवी. लग्नात कुणी हात मिळवला की डावा हातही वर ठेवून तो ते हळूच टोचवतो. बँकेतलं हजेरीचं यंत्र त्याचं डावं बोट ओळखत नाही, याचा त्याला पगारवाढीपेक्षा जास्त अभिमान आहे.

सगळा दोष १९८८ सालाचा. त्या वर्षी 'कयामत से कयामत तक' आला, पडद्यावर आमिर खान गिटार घेऊन उभा राहिला आणि डोंबिवलीतल्या वडीलमंडळींची झोप उडाली. मेजर दर शनिवारी व्ही.टी.ला उतरून धोबी तलावावरच्या 'फुर्टाडोज'च्या काचेसमोर जाऊन उभा राहायचा. दुकान १८६५ पासूनचं. काहीही न घेता नुसती टेकलेली किती नाकं त्या काचेनं पाहिली असतील! शेवटी गिटार मिळाली ती वसईच्या एका मित्राची जुनी. तारा फळीपासून इतक्या उंच, की मधून उंदीर मान ताठ ठेवून गेला असता. ती वसईहून दादरला आली आणि दादरचा पूल ओलांडून आमच्या गाडीत चढली, वसुदेवानं यमुनेतून टोपली नेली तशी डोक्यावर धरून. डब्यात भजनी मंडळ होतं.

"सतार का रे?" बुवांनी विचारलं.

"गिटार."

"मग धर की."

मेजरनं धरली. टाळांच्या गजरात, पारसिकचा बोगदा धरून, डोंबिवलीपर्यंत त्यानं जी मेजर सोडला नाही. त्याच्या मते अभंग आणि कॉर्ड तीनदा जुळले. बुवांच्या मते बोगद्यात छान वाटत होतं, कारण तिथं काही ऐकू येत नव्हतं. आपला पहिला जॅम तोच, असं मेजर आजही सांगतो.

जी नंतर सी आली, डी आली, ई मायनर तर दोन बोटांतच आली. मग मात्र एफ नावाचा घाट लागला. तर्जनी आडवी करून सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढच्या पडद्यांवर कसरत करायची. निम्म्या तारा गातात, निम्म्या खोकतात. महाराष्ट्रातल्या कित्येक गिटारी याच घाटातून मागे फिरून माळ्यावर गेल्या आहेत. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिन लावतात, त्याला रेल्वेवाले बँकर म्हणतात. मेजर स्वतःच बँकर असून घाट काही चढला नाही. त्यानं कॅपो घेतला. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेला लावायचा चिमटा. तो हव्या त्या पडद्यावर लावला की सोप्याच कॉर्ड वरच्या सुरात वाजतात आणि एफचं तोंड बघावं लागत नाही. वहिनींना तो कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचा थोरला भाऊ वाटतो. एकदा तो मेजरच्या बनियनवर दोरीला लटकलेला सापडला होता.

मेजरला सतरा गाणी येतात. प्रत्येकाची पहिली वीस सेकंदं. १९८३ च्या 'कलाकार'मधलं किशोरकुमारचं ते निळ्या आभाळाचं गाणं घ्या. सुरुवातीचा गिटारचा तुकडा मेजर असा वाजवतो, की ऐकणारा पुढे सरसावून बसतो. बसतो आणि बसूनच राहतो, कारण पुढे काही नाही. 'यादों की बारात'मधलं आशाबाईंचं, ज्याच्या आधी काचेवर किणकिण होते, त्यासाठी तर तो वहिनींचा चांगला ग्लास मागून घेतो. किणकिण होते, गिटार होते, आणि आशाबाईंची यायची वेळ झाली की मेजर म्हणतो, "पुढे तुम्हाला माहीतच आहे."

दर शनिवारी आम्ही जमतो. वेळ सातची. मेजर, एक दंतवैद्य, एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका, वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा आणि मी. दंतवैद्य दिवसभर लोकांच्या तोंडात यंत्र घालून असल्यामुळे त्याचा कान तयार आहे. आपलं ड्रिल काळी पाचमध्ये चालतं, असं तो छातीठोकपणे सांगतो. तपासायला कुणी तयार नाही. पोरगा चांगला वाजवतो, हीच त्याची अडचण. आम्ही पहिल्या ओळीत असताना तो शेवटची गाठून, वळून, आमच्या अंगावरून दुसऱ्यांदा निघून जातो. वर मेजरला "काका" म्हणतो. स्टेजवरचा आमिर खान मनात घेऊन बसलेल्या माणसाला ते लागतं.

खरे काका वेगळेच. त्यांची गिटार हवाईयन. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवायची. व्हॅन शिप्ले, हजारासिंग यांच्या सिनेगीतांच्या तबकड्यांवर काकांची पिढी वाढली. ब्रिजभूषण काबरांनी तर हेच वाद्य रागदारीत नेलं. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त संतूर आणि बासरीच्या शेजारी ते बसलेलं आहे. गिटार उभी धरून खराखरा खरडणं काकांना असभ्य वाटतं. "मांडीवर घेऊन गोंजारायची वस्तू ती, खाजवायची नव्हे." काका गार्ड होते. गाणं सुरू करायची खूण अजूनही हिरवी झेंडी दाखवल्यासारखा हात करून देतात, आणि ती मिळाल्याशिवाय आपल्या बाजूनं सूर हलू देत नाहीत.

राहिलो मी. मी मूग वाजवतो. पाण्याच्या छोट्या बाटलीत वहिनींनी दिलेले अर्धा पाव मूग असतात आणि मी ते तालात हलवतो. ज्याला काही येत नाही पण ज्याच्याशिवाय करमत नाही, त्याला हे काम देतात. इतकी वर्षं मी चारचौघांत मूग गिळून बसत होतो. आता हलवून बसतो. प्रगतीच आहे.

सातला जमून आठपर्यंत आम्ही सूर लावतो. सहा तारा: ई, ए, डी, जी, बी, ई. मेजरच्या गिटारच्या टोकाला ट्यूनर नावाचं चिमटीएवढं यंत्र असतं. ए म्हणजे ४४० हर्ट्झ, हे जगानं ठरवलंय आणि त्या यंत्राला पाठ आहे. तार जुळली की त्यात हिरवा दिवा लागतो. दंतवैद्याचा यंत्रावर विश्वास नाही. तो एका तारेचा पाचवा पडदा दाबून त्यावर पुढची तार जुळवतो. जी आणि बीच्या मध्ये मात्र पाचवा नव्हे, चौथा पडदा. हे तो दर शनिवारी विसरतो. मग दोन गिटारी आपापल्या जागी बिनचूक आणि एकत्र आल्या की सवतीसारख्या. पुन्हा पहिल्यापासून. सगळं जुळलं, काकांचा हात वर गेला, पोरानं श्वास घेतला, की मेजर कान खाली नेऊन हमखास म्हणतो, "थांबा. जी जरा उतरलाय."

आठला चहा. चहाबरोबर गिटारींची बोलणी. कुणाची तार कितीची, कोणत्या लाकडाचा आवाज उबदार. आपल्याकडचं शिसव परदेशातल्या महागड्या गिटारींच्या पाठीला लावतात, हे मेजर असं सांगतो की जणू झाड याच्याच परसातलं. खरं म्हणजे आम्ही वाजवतो पाऊण तास आणि बोलतो तीन तास. दंतवैद्याच्या घटस्फोटाची बातमी आम्हाला एका तुटलेल्या पहिल्या तारेच्या निमित्तानं कळली. तो नवी तार ओवत होता, खुंटी पिळत होता, आणि खाली मान घालूनच सांगून मोकळा झाला. कुणी काही बोललं नाही. मेजरनं उरलेलं तारेचं टोक पक्कडीनं कापून दिलं. त्या रात्री मात्र एफ न येणाऱ्या माणसानं एफ असलेलं एक गाणं काढलं, कारण ते दंतवैद्याचं आवडतं होतं. तार खोकली. चाललं.

मेजरकडे चार गिटारी आहेत. वहिनींना दोन माहीत आहेत. तिसरी आमच्या माळ्यावर आहे आणि बायकोला मी ती माझी म्हणून सांगितलीय. "मूग वाजवणाऱ्याला गिटार कशाला?" ती विचारते. त्यावर उत्तर नाही. चौथी दंतवैद्याच्या दवाखान्यात, एक्स-रेच्या यंत्रामागे काळ्या पिशवीत उभी असते. अक्कलदाढ काढायला आलेल्या माणसाची नजर त्या पिशवीवर गेली की तो आपणहून तोंड उघडतो.

हिवाळ्या-उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर असतो, पावसाळ्यात मेजरच्या हॉलमध्ये. पावसाळा हा गिटारचा वैरी. लाकूड फुगतं, तारा गंजतात. बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या त्या सिलिकाच्या पुड्या मेजर वर्षभर गोळा करतो आणि गिटारच्या पोटात सोडतो. माझ्या वाद्याकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. मागल्या जूनमध्ये बाटली उघडीच गच्चीवर राहिली. दोन दिवसांनी पाहतो तर माझ्या वाद्याला मोड आलेले. वहिनींनी त्याची उसळ केली. वाद्य बरं लागलं होतं, किंचित मीठ कमी.

त्याच पावसाळ्यातल्या एका शनिवारी दाराची बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई. चाळीस वर्षं क्लास चालवलेल्या, आणि त्यांचं छत म्हणजे मेजरची जमीन. आवाजाची तक्रार असणार म्हणून आम्ही पाय पोटाशी घेतले.

"आवाजाचं काही नाही हो," बाई म्हणाल्या. "पण ते एक गाणं तुम्ही चार वर्षं वाजवताय आणि एकदाही संपवलं नाहीत. मी खाली पडल्या पडल्या वाट बघते. झोप लागत नाही मला."

गाणं म्हणजे ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. कॅपो सातव्या पडद्यावर लावून मेजर त्याच्या आठही कॉर्ड वाजवतो, आणि वीस सेकंदांच्या पुढे गेलेलं हे त्याचं एकमेव गाणं. पण आजवर ते फोन आला, वीज गेली किंवा भाजी लागली म्हणूनच थांबलेलं.

"अहो बाई, ते संपतच नाही," मेजर म्हणाला. "१९७६ ची तबकडी. शेवटी दोन गिटारी वाजत राहतात आणि आवाज हळूहळू विझत जातो. आम्ही कसे विझणार?"

"विझत जातो म्हणजे? समेवर येत नाही?" बाईंना ते परक्या देशातलं दारिद्र्य वाटलं असावं. त्या पदर खोचून सोफ्यावर बसल्या. "सूर कुठला?"

"बी मायनर."

"म्हणजे पांढरी सात, कोमल गंधार. मात्रा?"

"चारचे बार," पोरगा म्हणाला.

"चार बार घ्या. सोळा. आता तिहाई. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा सोडा, पुन्हा पाच, एक सोडा, पुन्हा पाच. किती झाल्या?"

पोरानं मोबाईल काढला. "सतरा," मी म्हणालो. या घरात मी दिलेलं पहिलं बरोबर उत्तर.

"सोळा संपल्या की सतरावी कुठं पडते? समेवर. चला."

काकांनी हिरवा हात केला. आठ कॉर्ड फिरल्या, फिरून आल्या. शेवटच्या दोन गिटारींपैकी एक पोरानं घेतली, दुसरी काकांनी मांडीवरून, कांडी सरकवत, आणि कॅलिफोर्नियाच्या त्या हॉटेलात थोडी रेडिओ सिलोनची संध्याकाळ शिरली. बाई गुडघ्यावर ताल देत होत्या. "हं," म्हणाल्या. पहिला तुकडा गेला. एक मात्रा रिकामी. माझे मूग हवेत. दुसरा तुकडा. दंतवैद्य डोळे मिटून. तिसरा. आणि मग धा, सगळे एकदम, स्वयंपाकघरातल्या वहिनीसुद्धा, कारण नेमकं तेव्हाच त्यांनी कुकर ओट्यावर ठेवला.

संपलं. खरोखर संपलं. खाली कुणीतरी स्कूटर बंद केली तीही ऐकू आली.

बराच वेळ कुणाला काही सुचेना. संपलेल्या गाण्याचं पुढे काय करतात, याचा अनुभव कुणालाच नव्हता. पोरगा उगीच मोबाईल चाळू लागला. काकांनी कांडी पुसली, परत पुसली. घड्याळात नऊ दहा झाले होते आणि शनिवार अख्खा समोर मोकळा पडला होता.

"छान," बाई म्हणाल्या. "आता दुसरं घ्या."

मेजरनं एकेकाकडे पाहिलं, गिटार पोटाशी ओढली, कान खाली नेला आणि खुंटीला हात घालून म्हणाला, "थांबा. जी जरा उतरलाय."