मार्चातली शेळी

मार्च महिन्यात वाशिम जिल्ह्यात शेळी विकत घेणारे दोघेच. एक खाटीक, दुसरं सरकार. खाटकाचं बरोबर आहे, त्याला ती संध्याकाळपर्यंतच सांभाळायची असते. सरकारला मात्र ती एखाद्या भूमिहीन बाईच्या दारात बांधून तिचं जीवनमान उंचावायचं असतं. तेही अशा दिवसांत, की धुऱ्यावर हिरवी काडी नाही, हापशी शंभरदा हलवावी तेव्हा अर्धी घागर भरते आणि ऊन असं, की शेळीनेच छत्री मागावी. आमच्याकडच्या जाणत्या बाया शेळ्या घेतात दसऱ्याच्या आसपास, पाऊस उघडल्यावर. तेव्हा चारा फुकट असतो, शेळी अंगाने भरते, उन्हाळ्यापर्यंत घराला रुळते. हे गावात कुणालाही विचारा. पण विचारायला फॉर्म लागतो आणि फॉर्ममध्ये तो रकाना नाही.

सरकारचं शेळीशी वैर आहे, असं कुणी समजू नये. त्याचं वर्षच तसं चालतं. एप्रिल-मे मागच्या वर्षाचे हिशेब जुळवण्यात जातात. जूनमध्ये वार्षिक कृती आराखडा, जुलैत त्याला मान्यता, ऑगस्टात तालुकानिहाय लक्ष्यांक. मग लाभार्थी निवड, निवडीवर तक्रारी, तक्रारींवर चौकशी. तोवर दिवाळी. त्यानंतर बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी दिसू लागतो. येत नाही, दिसतो. डिसेंबरात निविदा निघते, तीनजण आले नाहीत म्हणून मुदतवाढ, जानेवारीत शुद्धिपत्रक, फेब्रुवारीत दर जास्त वाटले म्हणून वाटाघाटी. मधे निवडणूक आली तर आचारसंहिता. २०२४ साली ती दोनदा लागली, लोकसभेची १६ मार्चला आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला. एवढं सगळं पार पडल्यावर उरतो तो मार्च, आणि निधी परत जाऊ नये म्हणून गावात शेळी येते.

आता यावर शहरातले विद्वान म्हणतात, नियोजनाचा अभाव. साफ चूक. नियोजन उतू जातंय. २००९ च्या अखेरीस विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी, म्हणजे अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा, यवतमाळ आणि वर्ध्यासाठी, समन्वित कृषी विकास प्रकल्प सुरू झाला. लोकांच्या तोंडी ‘केम’. त्यात आयफाडचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचं कर्ज होतं. प्रकल्पाचं कार्यालय अमरावतीला, आयफाडचं मुख्यालय रोमला. अशा प्रकल्पांत पहिल्या अठरा महिन्यांचा खरेदी आराखडा सुरुवातीलाच करून द्यावा लागतो. जागतिक बँकेचीही रीत तीच. म्हणजे गावात पहिली बैठक व्हायच्या आत कुठली वस्तू, किती, कुठल्या पद्धतीने आणि कुठल्या तारखेला घ्यायची, ते कागदावर पक्कं झालेलं असतं.

हा तक्ता एकदा बघण्यासारखा असतो. निविदेचा मसुदा कधी, ना हरकत कधी, जाहिरात कधी, निविदा उघडणार कधी, मूल्यमापन कधी, करार कधी, पुरवठा पूर्ण कधी. प्रत्येक वस्तूला दोन ओळी. वरची ‘नियोजित’, खालची ‘प्रत्यक्ष’. वरच्या ओळीतल्या तारखा ऐटीत उभ्या असतात. खालची ओळ बहुतेकदा रिकामी, आणि भरलेली असलीच तर कुणीतरी एका बैठकीत, एकाच पेनाने, खाली मान घालून भरलेली. तक्त्यात सगळं आहे. ती वस्तू गावात कुठल्या महिन्यात लागते, तेवढं सोडून.

रोमला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीलाच तिथली परवानगी लागते. मानोरा तालुक्यातल्या शेळीसाठी कुणी इटलीत फाइल नेत नाही. उलट त्यांच्या नियमांत एक शहाणपणाची वाट ठेवलेली आहे, की लहानसहान खरेदी गावातल्या गटाने किंवा समितीने स्वतःच करावी. रोमहून निघालेला हा लोकसहभाग दिल्ली, मुंबई, अमरावती करत मंगरूळपीरला पोचेपर्यंत त्याचं ‘ठरावावर अध्यक्ष-सचिवांची सही व शिक्का’ एवढंच उरतं. वस्तू वरून ठरते, दर वरून ठरतो, पुरवठादार वरून ठरतो. सही तेवढी खालून लागते, कारण आक्षेप आला तर तो खाली चिकटला पाहिजे.

बरं, ही खोड काही कालची नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि याच सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात जोडधंदा म्हणून अनुदानावर संकरित दुधाळ गाई होत्या. कोरडवाहू शेती, कर्जात बुडालेलं घर, कुठे कुठे तर घरातला कर्ता माणूसच गेलेला, आणि दारात अर्धी जर्सी. तिला हिरवा चारा पाहिजे, ढेप पाहिजे, भरपूर पाणी पाहिजे. घरातल्या माणसांपेक्षा तिचं खाणं महाग. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच हे सगळं गावोगाव फिरून लिहिलं. कित्येकांनी ती गाय विकून नाही तर दुसऱ्याला देऊन स्वतःची सुटका करून घेतली. खरेदी म्हणून बघाल तर त्यात चूक सापडणार नाही. जात लिहिल्याप्रमाणे, दर मंजूर, वितरणाचा फोटो फाइलला. गाय खाते, एवढीच बाब अंदाजपत्रकात धरलेली नव्हती.

गाईसारखीच गत यंत्राची. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावात समाजमंदिराच्या मागच्या खोलीत शेवयांचं मशीन आहे. स्टीलचं, मोटारवालं, देखणं. पुढच्या बाजूला योजनेचं नाव, बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटने डेड स्टॉकचा नंबर, आणि हँडलवरचं प्लास्टिक अजून तसंच. वर कुणाचा तरी ताडपत्रीचा गठ्ठा. बचत गटाच्या अध्यक्षताईंना विचारलं, बिघडलंय का? त्या म्हणाल्या, “मशीनले काय झालं नाही भाऊ. ते चांगलंच हाय. उन्हाळाच निघून गेला.”

शेवया, कुरड्या, पापड ही एप्रिल-मेच्या उन्हातली कामं. लग्नसराईची मागणीही तेव्हाच. पुरवठा आदेश निघाला मार्चअखेर, पुरवठ्याची मुदत साठ दिवस, त्यात थोडी वाढ. मशीन गावात उतरलं तेव्हा आभाळ भरून आलेलं. मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात चालवा की. “चालवू ना. पण तोवर कर्जाचा हप्ता कोन भरन?” या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्याच मार्गदर्शक सूचनेत सापडलं नाही. प्रकल्पाच्या अहवालात मात्र हे मशीन ‘साध्य’ या रकान्यात एक म्हणून कधीच बसलं आहे.

शेजारच्याच तालुक्यातल्या दुसऱ्या गटाची गोष्ट ऐका. पैसे प्रकल्पाचेच, पण थेट गटाच्या खात्यात आलेले. चार बाया फेब्रुवारीत सकाळच्या एसटीने अकोल्याला गेल्या. त्यांतल्या एका काकूंच्या पिशवीत डबा, डब्यात घरून भिजवून आणलेली कणीक. दुकानदाराने मशीन दाखवलं, मोटार फिरवून दाखवली, स्टील वाजवून दाखवलं. काकूंनी डबा उघडला. “ह्या कणकीच्या काढून दाखव.” पहिल्या मशीनमधून शेवई तुटून आली. दुकानदार म्हणाला, मैद्याची बघा ना, कशी सरसर येते. “मैदा तू खाय बाप्पा, आमच्याकडे गहू पिकते.” तिसऱ्या मशीनमधून सलग तार आली, मग भाव सुरू झाला. भाव तुटला, शिवाय दोन जाळ्या फुकट मिळाल्या. मार्च लागायच्या आत मशीन गावात, आणि उन्हाळाभर आजूबाजूच्या गावांतल्या बाया डबे घेऊन रांगेत. निविदेच्या तांत्रिक तपशिलात मोटारीची ताकद असते, पत्र्याची जाडी असते, आयएसआय असतं. शेवई तुटू नये, ही अट मी अजून वाचलेली नाही.

या गटाला पुढे काय झालं, ते ओळखलं असेलच. हिशेब तपासणीत आक्षेप निघाला: तीन दरपत्रके जोडलेली नाहीत. तीन दुकानांत कणीक घालून बघितली, याची पावती कुठून आणायची? त्यापेक्षा ती नेहमीची रीत सोपी. एकच दुकानदार स्वतःचं दरपत्रक देतो, भावाचं देतो आणि मेहुण्याचं देतो. तिन्ही एकाच प्रिंटरवरून निघतात, ‘मशिन’मधली वेलांटी तिन्हीकडे एकाच जागी घसरलेली असते, आणि तुलनात्मक तक्ता तयार झाला की स्पर्धा निकोप झाली असं सगळ्यांनी मानायचं. शेळीच्या बाबतीत तर आणखी पंचाईत. आठवडी बाजारात बाई शेळीचे दात बघते, कासेला हात लावते, दोन पावलं चालवून बघते, गाभण आहे की नाही ते पोटाच्या घेरावरून सांगते. पण बाजारातला शेळीवाला पक्कं बिल देत नाही. बिल देणारा असतो तो पुरवठादार, आणि त्याच्या शेळ्या टेम्पोतून रात्री उतरतात. त्यांचे दात कोण बघणार? अंधारच.

सरकारला हे कळत नाही असं नाही. १ डिसेंबर २०१६ ला राज्याच्या उद्योग विभागाने सरकारी कार्यालयांनी खरेदी कशी करायची, याची जाडजूड नियमपुस्तिका काढली. बरोबर चार दिवसांनी, ५ डिसेंबरला, नियोजन विभागाचा निर्णय आला, की लाभार्थ्यांना वस्तू देण्याऐवजी त्यांच्या खात्यात पैसे जमा करावेत. एका विभागाने खरेदी नीट कशी करावी ते सांगितलं, दुसऱ्याने ती करूच नका म्हटलं. या दोघांपैकी दुसऱ्याला आपली माणसं जास्त ओळखीची असावीत.

खात्यात पैसे, हे मला वस्तूपेक्षा शंभर पट मान्य आहे. त्यातही ग्यानबाची मेख आहे, ती एवढीच, की पैसे नंतर येतात. २०१८ पासून पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, जागतिक बँकेच्या कर्जावर राज्यातल्या पंधरा जिल्ह्यांत चालला; वाशिम त्यात होता. रीत अशी: अर्ज करा, पूर्वसंमती घ्या, स्वतःच्या पैशाने यंत्र घ्या, बिल चढवा, मोका तपासणी होऊ द्या, मग अनुदान खात्यात. ज्याच्या गाठीशी आधीच पैसे होते, त्याने रुंद वरंबा-सरीचं पेरणी यंत्र वेळेवर आणलं आणि जमीन वाफशावर असताना पेरूनही टाकलं. ज्याच्यापाशी नव्हते, तो पूर्वसंमती मोबाइलवर बघत बसला. तरीही सांगतो, हेच बरं. निदान यंत्र निवडताना शेतकरी दुकानात हजर असतो.

हे झालं शेतकऱ्यासाठी घेण्याचं. आता शेतकऱ्याकडून घ्यायची वेळ आली, की काय होतं ते बघा. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजार चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. म्हणून हमीभावाने खरेदी. आधी ओलावा आडवा आला. बारा टक्क्यांच्या वर माल घेणार नाही. मग विधानसभेचं मतदान पाच दिवसांवर आलं तेव्हा, १५ नोव्हेंबरला, केंद्राने पंधरा टक्क्यांपर्यंत चालेल असं पत्र काढलं. ओलावा सुटला तर बारदाना संपला. राज्यभरातल्या केंद्रांवर माल आहे, काटा आहे, हमाल आहेत, पोती नाहीत. वरात दारात उभी आणि यजमान पत्रावळ्या आणायला गेलेला. पन्नास किलोचं पोतं धरलं तर क्विंटलला दोन पोती, हा हिशेब चौथीतलं पोरगं करतं. किती लाख टन घ्यायचे, याला तर दिल्लीहूनच मंजुरी मिळालेली होती. म्हणजे किती पोती लागणार, तेही त्याच दिवशी ठरलं होतं. तरी १२ जानेवारीची मुदत ३१ जानेवारीवर गेली, तिथून ६ फेब्रुवारीवर, आणि नोंदणी करून मेसेजची वाट बघणारे कितीतरी तसेच राहिले.

ज्यांना थांबणं परवडलं नाही, त्यांनी मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला देऊन टाकलं. लेकीचं लग्न, उसनवारी, रब्बीचं खत, कारणं काय कमी असतात? अशाच एका आडतीवर गेलो होतो. पोत्यांची थप्पी छतापर्यंत. मालकाला म्हटलं, सरकारला पोती मिळत नाहीत, तुम्ही कुठून आणली हो? तो गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाला, “दिवाळीत सोयाबीन निघणार हे जूनमध्ये पेरलं तवाच दिसते ना भाऊ. आम्ही तवाच बोलून ठेवतो.”